3डी सीनमध्ये 2डी पात्रं: कॅमेरा फिरला की मागचं पुढे का येतं?

वाड्याचा चौक 3डीत उभा केलाय. जोतं, लाकडी खांब, ओसरी, सगळी मॉडेलं. चौकातली तुळस, पायरीवर बसलेली आजी आणि आपला नायक मात्र हाताने काढलेली सपाट चित्रं. एडिटरमध्ये सगळं झकास दिसतं. गेम चालू करून कॅमेरा जरा फिरवला की तुळशीमागून चाललेला नायक एकदम तुळशीच्या पुढे येतो. आणखी थोडं फिरवलं की परत मागे. खांबांच्या बाबतीत असं काही होत नाही, खांबाआड तो नीट झाकला जातो. गोंधळ फक्त चित्रा-चित्रांमध्ये.

स्प्राइट, म्हणजे अशी सपाट चित्रं, आणि 3डी एकत्र करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी येते. तिच्या आसपास आणखी चार-पाच तक्रारी असतात: डोकं भिंतीत घुसतं, पाय कापले जातात, नायक धूसर दिसतो, सावली काडीसारखी पडते. लोक हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून ‘स्प्राइट गंडलेत’ म्हणतात आणि मिळेल ते सेटिंग बदलत सुटतात. कारणं वेगवेगळी आहेत. मुळाशी मात्र एकच प्रश्न आहे: चित्राला स्वतःची खोली नसते, मग इंजिन ती कुठून आणतं? खालचं सगळं गोडो 4 हे गेम इंजिन धरून लिहिलंय. युनिटी या दुसऱ्या इंजिनात जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलंय.

आधी एक चाचणी

स्प्राइट3डी नोड निवडा. इन्स्पेक्टरमध्ये ‘अल्फा कट’ नावाचं सेटिंग आहे, ते मुळात ‘डिसेबल्ड’ असतं. नायक आणि तुळस दोघांनाही ते ‘डिस्कार्ड’ करा आणि गेम चालवा. उड्या थांबल्या तर कारण सापडलं, पुढचा भाग वाचा. नाही थांबल्या तर थेट ‘डोकं भिंतीत’ या भागावर जा.

डिस्कार्डने नेमकं काय बदललं? पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी ग्राफिक्स कार्ड एक नोंद ठेवतं: इथे आत्तापर्यंत काढलेली सगळ्यात जवळची वस्तू किती लांब आहे. ही नोंदवही म्हणजे डेप्थ बफर. खांब, भिंत, फरशी अशा अपारदर्शक वस्तू तिच्यात स्वतःचं अंतर लिहितात, त्यामुळे त्या कुठल्याही क्रमाने काढल्या तरी चित्र बरोबर येतं. काच, धूर, धूसर कडा यांचं तसं जमत नाही, कारण मागचं आधी काढलेलं असल्याशिवाय त्यात पुढचं मिसळता येत नाही. म्हणून इंजिन आधी सगळं अपारदर्शक काढून घेतं आणि मग पारदर्शक वस्तू लांबून जवळ अशा ओळीने काढतं. या दुसऱ्या रांगेतल्या वस्तू आधीच्या नोंदी वाचतात, म्हणून खांबाआड नायक झाकला जातो. पण स्वतःची नोंद करत नाहीत.

स्प्राइट मुळात या दुसऱ्या रांगेत असतो. चित्रात एकही अर्धपारदर्शक पिक्सेल नसला तरी तो तिथेच असतो. आणि रांग लावताना इंजिन प्रत्येक वस्तूचा एकच बिंदू धरतं. तुळशीचा एक बिंदू, नायकाचा एक बिंदू. कॅमेरा फिरला की दोन बिंदूंच्या अंतरांची तुलना उलटते आणि नायक उडी मारतो. त्याच्या हिशोबाने इंजिन बरोबरच वागतंय, चुकतोय तो हिशोब.

लांबलचक चित्रांमध्ये हे फारच उघडं पडतं. समजा कॅमेऱ्यापासून तिरकं लांब जाणारं कुंपण एकाच स्प्राइटमध्ये काढलंय. त्याचा बिंदू कुंपणाच्या मध्यावर. नायक कुंपणाच्या पलीकडे, पण जवळच्या टोकापाशी उभा आहे. तो मध्यबिंदूपेक्षा कॅमेऱ्याला जवळ, म्हणून नंतर काढला जातो आणि कुंपणाच्या अलीकडे दिसतो. इथे कितीही सेटिंगं फिरवा, एका बिंदूवर हे सुटणार नाही. एक तर कुंपणाचे तुकडे करा, नाहीतर ते नोंदवहीत आणा.

‘डिस्कार्ड’ नेमकं तेच करतं. ज्यांची अपारदर्शकता (अल्फा) ठरावीक उंबरठ्याखाली आहे, मुळात 0.5, ते पिक्सेल टाकून दिले जातात आणि उरलेले भिंतीसारखे अपारदर्शक म्हणून डेप्थ बफरमध्ये जातात. पिक्सेल आर्ट असेल तर यात काहीच गमवावं लागत नाही, कारण तिथे पिक्सेल एक तर आहे किंवा नाही. ब्रशने रंगवलेल्या, मऊ कडांच्या चित्रांना मात्र कात्रीने कापल्यासारखी कड येते. त्यांच्यासाठी ‘ओपेक प्री-पास’. त्यात चित्राचा भरीव भाग आधी नोंदवहीत जातो आणि मऊ कडा नंतर मिसळल्या जातात. चित्र दोनदा काढावं लागतं, पण दहा-वीस पात्रांना ते परवडतं. फोनवर हजारो गवताच्या पात्यांना नाही परवडत, गवताला डिस्कार्डच द्या.

भूत, धूप, दिव्याभोवतीचा उजेड अशा खरोखर पारदर्शक गोष्टींना रांगेतच राहावं लागतं. त्यांच्यासाठी ‘सॉर्टिंग’खालचा ‘ऑफसेट’ थोडा कमी-जास्त करा. ‘रेंडर प्रायॉरिटी’ वाढवण्याचा सल्ला सगळीकडे सापडतो. पात्रांसाठी तो वापरू नका. त्याने नायक बाकी सगळ्या पारदर्शक स्प्राइटांच्या कायमचा पुढे येतो, खरोखर मागे असतानासुद्धा. एक तक्रार मिटते आणि दुसरी उभी राहते.

युनिटीत स्प्राइट रेंडररचं मूळ मटेरियल डेप्थ लिहीतच नाही, आणि अंतराच्या आधी ‘सॉर्टिंग लेयर’ आणि ‘ऑर्डर इन लेयर’ बघितलं जातं. शिवाय पर्स्पेक्टिव्ह कॅमेरा (लांबचं लहान दाखवणारा) अंतर मोजताना कॅमेऱ्यापासून सरळ रेषेत मोजतो. त्यामुळे पडद्याच्या कडेला असलेलं पात्र मधल्यापेक्षा ‘लांब’ ठरू शकतं, दोघं एका ओळीत उभे असले तरी. दर फ्रेमला स्क्रिप्टने ऑर्डर बदलत राहणं हा उपाय स्थिर कॅमेऱ्याच्या गेममध्ये चालतो. कॅमेरा फिरणार असेल तर साधा क्वाड (चौकोनी पाटी) घ्या, त्याला लिट मटेरियल लावा, ‘अल्फा क्लिपिंग’ चालू करा आणि मोकळे व्हा.

नायकच धूसर दिसतो

ही तक्रार 2018 नंतर वाढली. त्या वर्षी ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ आला. स्क्वेअर एनिक्सने त्या शैलीला ‘एचडी-2डी’ नाव दिलं: पिक्सेलमधली पात्रं, 3डी गावं, खरा प्रकाश, आणि पुढचं-मागचं धूसर करून सगळं दृश्य छोट्या प्रतिकृतीसारखं दाखवणारा कॅमेरा. तो बनला अनरिअल इंजिन 4 वर, पण पाहून सगळ्यांना तेच करावंसं वाटतं. मग कुणी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे ठरावीक अंतराबाहेरचं धूसर करणारा इफेक्ट, चालू करतं आणि मागच्या डोंगरांसोबत नायकही धूसर होतो.

कारण वर आलंच आहे. धूसर करणारा इफेक्ट अंतर डेप्थ बफरमधून वाचतो. नायकाने तिथे काही लिहिलेलंच नाही, म्हणून त्याच्या जागी इफेक्टला मागच्या डोंगराचं अंतर सापडतं आणि तो नायकाला डोंगर समजून धूसर करतो. अल्फा कट बदला, लगेच फरक दिसेल. कोपऱ्यातल्या सावल्या गडद करणारा एसएसएओ स्प्राइटवर विचित्र डाग पाडत असेल तर तेही याच घरातलं दुखणं.

डोकं भिंतीत

हे मात्र रांगेचं काम नाही, भूमितीचं आहे. बिलबोर्ड, म्हणजे चित्राला कॅमेऱ्याकडे वळवणारं सेटिंग, ‘एनेबल्ड’ असेल तर स्प्राइट पूर्णपणे कॅमेऱ्याकडे तोंड करतो. कॅमेरा वरून खाली बघत असेल तर चित्राला मागे रेलावं लागतं, देखाव्यातला पुठ्ठ्याचा मावळा मागच्या काडीवर टेकवून ठेवतात तसं. कॅमेऱ्यातून हे अजिबात कळत नाही. खरी स्थिती बघायची तर एडिटरमध्ये स्प्राइट बिलबोर्डशिवाय ठेवा, तितकाच मागे झुकवा आणि बाजूने बघा.

किती रेलतो तेही काढता येतं. पात्राची उंची 1.8 मीटर आणि कॅमेऱ्याचा झुकाव 30 अंश असेल, तर डोकं पायांपेक्षा 0.9 मीटर मागे जातं. म्हणजे पात्राच्या पाठीमागे 0.9 मीटरच्या आत भिंत आली की भिंत डोकं खाणार. झुकाव 45 अंश केला तर हेच अंतर जवळजवळ 1.27 मीटर होतं. ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली आजी अर्धी गायब होते ती यामुळे.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बिलबोर्ड ‘वाय-बिलबोर्ड’ करणं. चित्र उभंच राहतं, फक्त उभ्या अक्षाभोवती फिरतं. डोकं भिंतीतून बाहेर येतं, पण पात्र बुटकं दिसायला लागतं, कारण उभ्या वस्तूकडे वरून बघितलं की ती आखूड दिसते. 30 अंशाला उंची 0.87 पट दिसते, 45 अंशाला 0.71 पट. मग स्प्राइटला वायमध्ये तितकंच ताणा: 30 अंशाला 1.155 पट, 45 ला 1.414 पट. ऑर्थोग्राफिक कॅमेऱ्यात (लांबचं लहान न दाखवणाऱ्या) हा हिशोब तंतोतंत बसतो. पर्स्पेक्टिव्हमध्ये पडद्याच्या वर-खाली थोडा फरक पडतो, सहसा डोळ्याला कळत नाही. कॅमेऱ्याचा झुकाव गेममध्ये बदलणार असेल तर ताणही स्क्रिप्टने बदलता ठेवा. 60 अंशांच्या वर मात्र हा नाद सोडा. तिथे दुप्पट ताण लागतो, आणि इतकं उंच पात्र दाराच्या चौकटीत अडकायला लागतं.

दुसरा उपाय शेडरमधला, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममधला आहे, आणि मला तोच जास्त पटतो. चित्र कॅमेऱ्याकडे तोंड करूनच काढायचं, पण खोली लिहिताना ते उभं असल्यासारखी लिहायची. व्हर्टेक्स शेडरमध्ये प्रत्येक कोपऱ्याची जागा दोनदा काढा: एकदा बिलबोर्ड म्हणून, एकदा उभ्या पाटीची म्हणून. एक्स आणि वाय बिलबोर्डचे ठेवा. झेड मात्र उभ्या पाटीचा घ्या: त्याला त्याच्याच डब्ल्यूने (पर्स्पेक्टिव्हसाठीच्या चौथ्या आकड्याने) भागा आणि बिलबोर्डच्या डब्ल्यूने गुणा. एवढंच. पात्र बुटकं होत नाही, भिंतही डोकं खात नाही.

हेच काम काही जण फ्रॅगमेंट शेडरमध्ये खोली लिहून करतात. त्याने प्रत्येक पिक्सेलला ग्राफिक्स कार्डाची एक मोठी बचत बंद पडते, म्हणून गरज नसेल तर टाळा. आणि जुना शेडर कुठून तरी उचलून आणला असेल तर गोडोची आवृत्ती बघा. 4.3 पासून खोलीची दिशा उलटी झालीय: आता जवळचं टोक 1 आणि लांबचं 0. त्याआधीचा कोड तसाच लावला तर जवळचं सगळं लांब जातं, आणि बिचारा माणूस आपल्या गणितात चूक शोधत बसतो.

पाय कापले जातात, किंवा जमिनीवर टेकतच नाहीत

1993 च्या ‘डूम’मध्ये राक्षस सपाट चित्रंच होते. आठ दिशांनी काढलेले, त्यातल्या बऱ्याच दिशा आरशातल्यासारख्या उलटवून वापरलेल्या. ते इंजिन आधी भिंती आणि जमीन काढायचं, मग चित्रं लांबून जवळ अशा क्रमाने काढायचं आणि भिंतींच्या आड जातील तिथे कापायचं. जमीन चित्राला कापतच नव्हती. त्यामुळे बऱ्याच चित्रांचे पाय जमिनीच्या रेषेखाली काही पिक्सेल उतरलेले असले तरी कुणाला दिसत नव्हतं. पुढे लोकांनी तोच गेम ग्राफिक्स कार्डावर आणला, डेप्थ बफर आला, आणि जमिनीने राक्षसांचे पाय कापायला सुरुवात केली. ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या ‘जीझीडूम’मध्ये आजही स्प्राइट क्लिपिंगसाठी वेगळं सेटिंग आहे ते याचसाठी.

तुमच्या गेममध्ये कारण याहून साधं असतं. स्प्राइट3डीचा मूळबिंदू चित्राच्या मध्यावर असतो, आणि बिलबोर्ड त्या बिंदूभोवती रेलतो. 1.8 मीटरचं पात्र 30 अंशात रेललं की पाय 0.45 मीटर पुढे येतात आणि साधारण 12 सेंटिमीटर वर उचलले जातात. सावली एका जागी, पाय दुसऱ्या. ‘सेंटर्ड’ बंद करून ऑफसेटने मूळबिंदू टाचांपाशी आणा. युनिटीत पिव्हट ‘बॉटम’ करा आणि ‘स्प्राइट सॉर्ट पॉइंट’ही ‘पिव्हट’ ठेवा. हे सगळ्या पात्रांना पहिल्याच दिवशी करून टाकावं. नंतर केलं तर प्रत्येक सीनमधली प्रत्येक जागा हलते.

सावली आणि प्रकाश

सपाट पाटीवर बाजूने ऊन आलं की सावली काडीसारखी पडणारच, त्यात बिघाड काही नाही. स्प्राइटचं ‘कास्ट शॅडो’ बंद करा. त्याच नोडखाली एक साधी कॅप्सूल ठेवा आणि तिचं ‘कास्ट शॅडो’ ‘शॅडोज ओन्ली’ करा. कॅप्सूल दिसत नाही, सावली मात्र माणसाएवढी पडते. छोट्या गेमला पायाखालचा गोल डागही पुरतो.

प्रकाश चित्रावर सपाट पडतो ही वेगळी गोष्ट, त्याला नॉर्मल मॅप लागतो, म्हणजे पृष्ठभागाचा ठिकठिकाणचा रोख (नॉर्मल) सांगणारं चित्र. ‘डेड सेल्स’ या गेमच्या टीमने त्यासाठी उलटी वाट धरली: पात्रं 3डीत बनवली, हलवली आणि मग लहान पिक्सेल फ्रेममध्ये रेंडर करून घेतली, सोबत नॉर्मल मॅपही. हाताने प्रत्येक फ्रेमचा नॉर्मल मॅप रंगवायला बसण्याआधी ही वाट नक्की विचारात घ्या.

पिक्सेल आर्ट एकाएकी पुसट झालं

काल नीट होतं, आज चित्र साबण लावल्यासारखं दिसतंय आणि तुम्ही काहीही बदललेलं नाही. बदल गोडोने केलाय. टेक्श्चर (चित्राची फाइल) पहिल्यांदा 3डीत वापरलं गेलं की इंजिन ते आपणहून पुन्हा इम्पोर्ट करतं, कॉम्प्रेस करतं आणि मिपमॅप (लांबून दाखवण्यासाठीच्या लहान प्रती) बनवतं. मोठ्या टेक्श्चरांना हे बरं, 32 पिक्सेलच्या नायकाला घातक. इम्पोर्ट टॅबमध्ये ‘कॉम्प्रेस मोड’ लॉसलेस करा, मिपमॅप बंद करा, ‘डिटेक्ट 3डी’खालचं ‘कॉम्प्रेस टू’ डिसेबल्ड करा, मग ‘रीइम्पोर्ट’. त्यानंतर स्प्राइटवरच ‘टेक्श्चर फिल्टर’ नीअरेस्ट करा. प्रोजेक्ट सेटिंग्जमधला नीअरेस्ट फक्त 2डी कॅनव्हाससाठी असतो, स्प्राइट3डी त्याला जुमानत नाही. लांबची झाडं आता चमचमायला लागली तर फक्त त्यांना मिपमॅपवाला नीअरेस्ट द्या.

‘पिक्सेल साइज’ सगळ्यांना एकच ठेवा. 32 पिक्सेल उंचीच्या पात्राला 0.05 दिला की ते 1.6 मीटरचं होतं. शेजारच्या आजीला 0.03 दिला की तिचे पिक्सेल बारीक आणि नायकाचे जाड, आणि दोघं वेगळ्या गेममधून आल्यासारखे दिसतात.

दिशा फडफडते

आठ दिशांची चित्रं असली की दर 45 अंशांना चित्र बदलतं. पात्र नेमकं सीमेवर उभं असेल तर दोन चित्रं आलटून-पालटून दिसत राहतात. बदलाची सीमा ओलांडून आणखी तीन-चार अंश गेल्याशिवाय चित्र बदलू नका, फडफड थांबते. आणि कोन काढताना कॅमेरा कुठे बघतोय ते न घेता कॅमेऱ्यापासून पात्रापर्यंतची दिशा घ्या, नाहीतर पडद्याच्या कडेची पात्रं चुकीच्या बाजूला बघतात.

अंगणातली रांगोळी फरशीत लुकलुकते ती तक्रार यातली नाही. एकाच पातळीवर दोन पृष्ठभाग आले की असं होतं. डेकल नोड (पृष्ठभागावर चित्र उमटवणारा) वापरा, किंवा रांगोळी एखादा सेंटिमीटर उचला.

इतकी कटकट करायचीच का?

प्रश्न रास्त आहे. कॅमेरा पूर्ण गोल फिरणार असेल आणि पात्रं मोजकी असतील तर मी सपाट चित्रांच्या भानगडीत पडणार नाही. 2014 च्या ‘गिल्टी गिअर झर्ड’ने दाखवलंय की 3डी मॉडेलही हाताने काढल्यासारखं दिसू शकतं. तिथे मॉडेलला खरी खोली असल्यामुळे वरची निम्मी दुखणी उद्भवतच नाहीत. मोबदल्यात नॉर्मल हाताने वळवावे लागतात, आणि दोन पोझच्या मधल्या फ्रेम इंजिनवर न सोडता एकेक पोझ बसवावी लागते. हेही काम कमी नाही, पण निदान दिसण्यासाठी केलेलं काम असतं.

तिसरी वाट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 च्या ‘राजी’त घेतली. खेळ सगळा 3डीत, आणि गोष्ट सांगताना छाया-बाहुल्यांच्या धाटणीची सपाट दृश्यं. दोन्ही शैली एकाच गेममध्ये आहेत, पण एका फ्रेममध्ये एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या माणसाला तर ही कल्पना घरचीच वाटेल. छोट्या टीमला ही सगळ्यात स्वस्त वाट आहे, आणि ती इतकी कमी का वापरली जाते ते मला कळत नाही.

एवढं करूनही अडलात तर पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधत बसू नका. नवा सीन घ्या: एक फरशी, एक भिंत, दोन स्प्राइट, एक कॅमेरा. तिथे दोष दिसला तर कारण स्प्राइटच्या किंवा टेक्श्चरच्या सेटिंगमध्ये आहे. दिसला नाही तर मूळ सीनमधला एन्व्हायर्नमेंट, पोस्ट-प्रोसेसिंग आणि स्वतः लिहिलेले शेडर एकेक करून बंद करा. कुणाला मदत मागताना इंजिनची नेमकी आवृत्ती, कुठला रेंडरर, कॅमेरा ऑर्थोग्राफिक की पर्स्पेक्टिव्ह, त्याचा झुकाव किती अंश, आणि अल्फा कट व बिलबोर्डची सेटिंगं एवढं आधीच लिहा. सोबत तोच सीन बाजूने काढलेला एक स्क्रीनशॉट जोडा. नुसता गेममधला व्हिडिओ पाठवलात तर समोरच्याला तेच सहा प्रश्न परत विचारावे लागतात.